किती टग नव्हे, कोणता टग?

गेल्या उन्हाळ्यात माझे बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सिॲटलला आले. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक घराला पडणारा प्रश्न आम्हालाही पडला: यांना दिवसभर करमणार कसं? स्पेस नीडल एका दुपारी झाली, कॉस्टको दोनदा झालं, मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवडेही झाले. तिसऱ्या आठवड्यात बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसायला लागले, तेव्हा बायको म्हणाली, "अरे, त्यांना पाणी दाखव. आयुष्य पाण्यावर गेलंय त्यांचं."

बाबा मुंबई बंदरात एकतीस वर्षं टगवर इंजिन ड्रायव्हर होते. टग म्हणजे मोठ्या जहाजांना धक्क्याला लावणारी, धक्क्यापासून ओढून काढणारी छोटी, दणकट बोट. मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला असताना कोणी विचारलं, "वडील काय करतात?" तर मी सांगायचो, "बंदरात नोकरीला आहेत." ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. टगवर काम करतात म्हटलं की समोरचा 'म्हणजे होडी का?' असं विचारणार, आणि ते मला नको असायचं.

तर एका रविवारी त्यांना बॅलर्ड लॉक्सला नेलं. १९१७ मध्ये सुरू झालेली ही पाण्याची कुलुपं. एका बाजूला समुद्राचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला वरच्या पातळीवरचं तळ्याचं गोडं पाणी. बोट मधल्या कप्प्यात घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी चढवायचं किंवा उतरवायचं, मग पलीकडचे दरवाजे उघडायचे. बाबांनी कठड्यावर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आपल्या इंदिरा डॉकसारखं. आपलं रुंदीला जास्त आहे." मी फोनवर पाहिलं. खरंच, इथला मोठा कप्पा ८० फूट रुंद, आणि मुंबईच्या इंदिरा डॉकचं प्रवेशद्वार १०० फूट. ते १९१४ पासूनचं.

बाकी पर्यटक सामन मासे बघत होते. आम्ही टग बघत होतो. मी मोठ्या उत्साहाने फोनवर माझं एक छोटं ॲप काढलं. हौस म्हणून लिहिलेलं. जहाजं आपला एआयएस सिग्नल सतत सोडत असतात: नाव, जागा, वेग आणि प्रकाराचा आकडा. ५२ म्हणजे टग. माझं ॲप ५२ आकडा दिसला की नकाशावर निळा ठिपका काढायचं. त्या दिवशी नकाशावर पुष्कळ निळे ठिपके होते.

बाबांनी चष्मा वर करून बघितलं. "हे सगळे एकच?"

"हो, सगळे टग."

"असं कसं? ट्रक, एसटी आणि रोड रोलर, सगळ्यांना तू 'गाडी' म्हणणार का?"

हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. टगचे प्रकार ओळखणं हा रेल्वेची इंजिनं मोजण्यासारखा रिकामटेकडा छंद आहे असं मला वाटत होतं. आता वाटत नाही. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: बंदरात, कायद्यात, बातमीत आपण 'टग किती होते' हे विचारतो, विचारायला हवं ते 'टग कोणता होता'. आणि हे न विचारल्यामुळे माणसं मरतात.

पाणी कुठे उकळतंय ते बघ

बाबांनी मला ओळखायला शिकवलं ते पुस्तकातून नाही. त्यांचा पहिला नियम: रंग बघू नको, नाव बघू नको, चिमणी बघू नको. टग जोर लावत असताना पाणी कुठे उकळतंय ते बघ. पंखा तिथे असतो. आणि मग दोर कुठे बांधलाय ते बघ. या दोन जागांचं एकमेकांशी नातं काय, यावर तो टग काय करू शकतो ते ठरतं.

सगळ्यात जुना आणि साधा प्रकार म्हणजे पारंपरिक टग. पंखा मागे, त्याच्यामागे सुकाणू आणि ओढायचा हूक मध्याच्या थोडा मागे. पंख्याची दिशा पक्की; वळायचं तर सगळा टग वळवायला हवा. बाबांनी नोकरीची बहुतेक वर्षं अशाच टगवर काढली.

दुसरा ट्रॅक्टर टग. याचा जोर नाळेच्या बाजूला, तळाखाली असतो. म्हणून त्याच्या मागे नाही, पुढच्या अर्ध्या भागाशी पाणी घुसळताना दिसतं. यात दोन जाती. एकीत वळते पंखे असतात. दुसरीत फॉइट-श्नायडर नावाची जर्मन यंत्रणा: फिरत्या तबकडीखाली उभी लटकणारी पाती, आणि प्रत्येक पातं फेऱ्यागणिक आपला कोन बदलतं. त्यामुळे टग पुढे, मागे, आडवा, कसाही सरकतो. तळाच्या मागच्या टोकाला उभा पडदा असतो, माशाच्या परासारखा. हा टग काम करताना जहाजाकडे आपली पाठ करतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा उलटा का चाललाय?

तिसरा, आज जगभरच्या बंदरांत सर्रास दिसणारा, एएसडी. टेबल फॅन मान वळवतो ना, तसे याचे दोन पंखे वळतात; फरक इतकाच की हे पूर्ण ३६० अंशांत वळतात. दोन्ही मागे, तळाखाली. सुकाणू वेगळं लागतच नाही. दोराचं मोठं रहाट नाळेवर आणि नाळेला जाडजूड रबर. इथले लोक याला झेड-ड्राइव्ह म्हणतात. याचं तोंड बहुधा जहाजाकडे असतं.

याशिवाय रोटर टग आहे, रॉटरडॅमकरांचं डोकं. त्याला तीन वळते पंखे असतात, दोन पुढे आणि एक मागे.

हे झालं पंख्यावरून. पण बाबा म्हणाले, "आता काम बघ." आणि इथे माझ्यातला प्रोग्रॅमर जागा झाला. कारण मी मनात एक झाड काढत होतो: टग, त्याला फांद्या, फांद्यांना पोटफांद्या. ते झाड बसेचना. एएसडी ही रचना आहे, पण 'एस्कॉर्ट' हे काम आहे. एकच बोट सकाळी जहाज धक्क्याला लावते आणि दुपारी टँकरबरोबर सोबतीला जाते. मग ती कुठल्या फांदीवर? आमच्या धंद्यात याला उत्तर आहे: एका वस्तूला एकच कप्पा देऊ नका, तिला अनेक चिठ्ठ्या लावा. टगला किमान चार लागतात. पंखा कुठे? दोर कुठे? काम कोणतं? आणि जोर किती?

कामाची चिठ्ठी लावायला सिॲटलसारखं गाव नाही. अलास्काकडे कंटेनरचे बार्ज ओढत नेणारे समुद्री टग इथून निघतात. त्यांचा मागचा डेक सखल आणि मोकळा असतो, त्यावर पोलादी तारेचं प्रचंड रीळ. बार्ज इतका मागे असतो की दोघांचा संबंध आहे हे कळत नाही. रात्री ते ओळखायला दिवे आहेत: डोलकाठीवर एकावर एक दोन पांढरे दिवे म्हणजे हा काहीतरी ओढतोय, तीन असतील तर ओढलेल्याची लांबी २०० मीटरच्या वर. मागे पांढऱ्या दिव्याच्या वर पिवळा. अशा दोघांच्या मधून होडी नेणारा माणूस घरी परतत नाही, कारण मध्ये पाण्याखाली तार असते.

मग एटीबी: बार्जच्या मागे खाच असते, टग त्यात घुसतो आणि दोन्ही बाजूंच्या खिळ्यांनी अडकतो. बार्जच्या पलीकडचं दिसावं म्हणून याची केबिन उंच मनोऱ्यावर असते, जिराफासारखी. ती दिसली की प्रकार चुकायचा नाही. मिसिसिपी नदीवर सपाट तोंडाच्या बोटी बार्जचा सगळा ताफा पुढे ढकलतात. गंमत म्हणजे अमेरिकेत त्यांचं नाव आहे टोबोट, म्हणजे ओढणारी बोट. ढकलते, पण नाव ओढणारी! नावावर विसंबू नये ते यासाठी. तेलविहिरींजवळचे नांगर उचलणारे टग वेगळे. त्यांचा मागचा डेक लांबलचक आणि टोकाला लोखंडी रूळ. आणि इथल्या लाकूडवखारींपाशी ओंडके हाकणारी, मोटारीएवढी बोट असते, जागच्या जागी गरगर फिरणारी. माझ्या सात वर्षांच्या मुलीला सगळ्यात तीच आवडली. तिने तिचं नाव 'टगूचं पिल्लू' ठेवलं. आजोबांनी हे वर्गीकरण मान्य केलं.

शेवटची चिठ्ठी जोराची. टगचा दोर धक्क्यावरच्या खुंटाला बांधायचा, मध्ये वजनकाटा लावायचा आणि पूर्ण ताकदीने ओढायचं. काटा किती टन दाखवतो तो बोलार्ड पुल. आजच्या बंदरी टगचा हा आकडा साधारण ५० ते ८० टन असतो. हॉर्सपॉवर हे इंजिनचं बळ. बोलार्ड पुल हे दोरापर्यंत पोचलेलं बळ. बाबांच्या भाषेत, "पगार किती ते सांगू नको, हातात किती पडतो ते सांग."

जहाजच टगला ओढतंय!

ऑगस्टमध्ये आम्ही ॲनाकॉर्टिसहून फेरीने सॅन वान बेटांवर गेलो. वाटेत रोझारिओ सामुद्रधुनी लागते. दोन्हीकडे बेटं, खडक आणि त्यातून तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे जाणारे टँकर. एक टँकर दिसला, त्याच्या पाठीला दोराने बांधलेला टग. टग काहीच ओढत नव्हता. उलट टँकरच त्याला घेऊन चालला होता. बाबा हसले, "अरे, हे जहाजच टगला ओढतंय!"

हा एस्कॉर्ट टग. टँकरचं इंजिन बंद पडलं किंवा सुकाणू अडकलं, तर हा मागून ब्रेक आणि सुकाणू दोन्ही होतो. चालत्या जहाजामागे तो आपलं अंग पाण्याला तिरकं धरतो. पाण्याचा दाब त्याच्या तळावर आणि पडद्यावर बसतो आणि जहाजाची शेपूट बाजूला ओढली जाते. पतंगासारखं: पतंगाला इंजिन नसतं, तरी मांजा बोट कापतो, कारण तो वाऱ्याला तिरका असतो. जहाज वेगात असताना असा टग आपल्या बोलार्ड पुलापेक्षाही जास्त ओढ निर्माण करू शकतो. पण हे कुठल्याही टगला जमत नाही. त्यासाठीच घडवलेला ट्रॅक्टर किंवा एएसडी लागतो. पारंपरिक टगने त्या वेगात हे करायला जाणं म्हणजे जीव देणं.

आता कायदा बघा. वॉशिंग्टन राज्याने १९७५ मध्येच, बहुतेकांच्या आधी, ४०,००० टनांवरच्या भरलेल्या टँकरला टगची सोबत सक्तीची केली. २०१९ च्या कायद्याने रोझारिओ भागात ५,००० टनांवरच्या टँकर आणि बार्जनाही ती लागू केली, सप्टेंबर २०२० पासून. मला या राज्याचा अभिमान वाटतो. पण जुन्या कायद्यातली मोजपट्टी काय आहे? टगची हॉर्सपॉवर टँकरच्या टनांच्या किमान पाच टक्के हवी. म्हणजे एक लाख टनांच्या टँकरला ५,००० हॉर्सपॉवर. पंखा कुठे, दोर कुठे, काही नाही. कायद्याच्या नजरेत बाबांचा जुना टग आणि खास घडवलेला एस्कॉर्ट टग, इंजिन सारखं असेल तर, सारखेच. माझ्या ॲपसारखंच: सगळे निळे ठिपके.

प्रत्यक्षात इथल्या कंपन्या कायद्याने सांगितल्यापेक्षा कितीतरी चांगले टग लावतात, हे खरं. पण कायद्याने शहाणपण कंपनीवर सोडायचं नसतं. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत टँकरचं वजन आणि टगची थांबवण्याची ताकद यांची जोडी जुळवावी लागते. म्हणजे हे लिहिता येतं. अशक्य नाही.

दोर तुटला म्हणून

२४ फेब्रुवारी २०२३ ला स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉकजवळ 'बायटर' नावाचा टग एका प्रवासी जहाजाला धक्क्याकडे नेण्यात मदत करत होता. तो पारंपरिक प्रकारचा, दोन पंख्यांचा टग. जहाज वेगात होतं. दोराने त्याला आडवा ओढला आणि तो उलटला. त्यावरचे दोघेही गेले.

या अपघाताला इंग्रजीत गर्टिंग म्हणतात. पारंपरिक टगमध्ये दोर अंगाच्या मधोमध आणि पंखा मागे, यामुळे हा धोका आहेच. कमरेला दोर बांधून चालत्या बैलगाडीला आडवं उभं राहिलात तर काय होईल? गाडी थांबणार नाही, तुम्ही आडवे व्हाल. ट्रॅक्टरमध्ये दोर पंख्यांच्या पार मागे असतो, एएसडीत पंख्यांच्या पार पुढे. ओढ बसली की टग दोराच्या रेषेत सरळ होतो. धोका शून्य होत नाही, पण खूप कमी होतो. वर्गीकरण म्हणजे काय, तर हे.

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवत होतो. बाबा ताटात भात कालवत होते. मग म्हणाले, "आमचा पण झाला होता असा. तू दुसरीत होतास."

मला हे माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं.

पावसाळ्याचे दिवस, ओहोटीचं पाणी, जहाजाने अचानक इंजिन पुढे टाकलं. बाबा खाली इंजिनपाशी. "वरचं काही दिसत नाही रे खाली. फक्त जमीन भिंत होते. मी पाइप धरून लटकलो. सारंग वरून ओरडत होता, हूक सुटेना. मग दोर तुटला." थोडं थांबून म्हणाले, "जुना होता, म्हणून तुटला. आठवडाभर आधी मागितलेला नवा दोर मिळाला असता, तर मी इथे नसतो."

मी एकतीस वर्षांच्या नोकरीला 'बंदरात नोकरीला' म्हणून गुंडाळत होतो. माझ्याही खात्यात एकच कप्पा होता.

बाल्टिमोर आणि एक चिठ्ठी

२६ मार्च २०२४ ची बाल्टिमोरची बातमी आपल्यापैकी कोणी विसरलेलं नसेल. 'डाली' हे ३०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज मध्यरात्रीनंतर बंदरातून निघालं, वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा कामगार गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. जहाजावरून वेळेत धोक्याचा इशारा गेला म्हणून पुलावरची वाहतूक थांबवता आली. तरी समाजमाध्यमांवर त्या खलाशांची टिंगल करणारी किळसवाणी चित्रं फिरली, हेही विसरता येत नाही.

त्या रात्री दोन टग होते. त्यांनी 'डाली'ला धक्क्यापासून काढलं, तोंड वळवून दिलं, आणि रिवाजाप्रमाणे दोर सोडून ते परत फिरले. वीज गेल्यावर पायलटने टगची मदत मागितली, पण तेव्हा हातात मिनिटंच उरली होती. नंतर बातम्यांत वाद रंगला: टग पुलापर्यंत सोबत राहिले असते तर?

माझं उत्तर: कोणते टग? जहाज ताशी सुमारे आठ नॉट वेगाने, म्हणजे जवळपास १५ किलोमीटरने चाललं होतं. त्या वेगात नुसता शेजारून चालणारा टग साक्षीदार ठरतो. पाठीला बांधलेला, एस्कॉर्टसाठी घडवलेला टग असता तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. खात्रीने कोणी सांगू शकणार नाही, मीही सांगत नाही. पण 'दोन टग होते' आणि 'टग नव्हते' ही दोन्ही वाक्यं तिथे सारखीच निरुपयोगी आहेत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, ६८ पुलांना जहाजाच्या धडकेचा धोका तपासायला सांगितलं. तपासणाऱ्यांनी पुलाच्या खांबांबरोबर खालून जाणाऱ्या टगच्या यादीत हे चार रकानेही भरावेत, इतकीच माझी मागणी.

आणि वीज का गेली? नोव्हेंबर २०२५ मध्ये याच मंडळाने सांगितलं: एक वायर सैल होती. तिच्यावर नावाची पट्टी अशी बसवली होती, की वायर आपल्या खाचेत पूर्ण शिरलीच नाही. ओळखीसाठी लावलेली पट्टीच आड आली. कोड लिहिणाऱ्या माणसाने हे वाचून रात्री झोपावं कसं? लेबल आहे, यावर समाधान मानू नये; ते नीट बसलंय का ते बघावं.

आपल्याकडे

भारताने या बाबतीत काही चांगली पावलं टाकली आहेत. २०२१ मध्ये केंद्राच्या बंदरे आणि जहाजवाहतूक मंत्रालयाने देशात बांधायच्या टगच्या पाच प्रमाणित रचना जाहीर केल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये हरित टग योजना आली: उरणजवळचं आपलं जवाहरलाल नेहरू बंदर, कांडला, पारादीप आणि तुतिकोरिन या चार बंदरांनी किमान दोन-दोन हरित टग घ्यायचे. बाबांना ही बातमी वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "हिरवा ठीक आहे. पंखा कुठे आहे?"

विनोद सोडा, मुद्दा बरोबर आहे. बॅटरी की डिझेल ही पाचवी चिठ्ठी आहे, आधीच्या चारांची जागा ती घेऊ शकत नाही. हवा स्वच्छ झाली पाहिजेच; बंदराकाठच्या वस्तीत लहानपण काढलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. पण बातमीत 'हरित' हा एकच शब्द उरला, तर परत सगळे ठिपके एकाच रंगाचे. फक्त निळ्याऐवजी हिरवे.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ बार्ज बुडाला, ते सर्वांना आठवतं. त्याच वादळात 'वरप्रदा' नावाचा टगही बुडाला. त्यावर १३ जण होते, दोघेच वाचले. तेव्हा मी बातम्या रोज वाचत होतो, तरी टगची ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. बाबांच्या नाही सुटली. त्यांनी ते कात्रण अजून ठेवलंय.

लोक म्हणतील, टगचा तासाचा दर बघ. प्रत्येक जहाजाला खास टग बांधला तर माल महागेल. बरोबर आहे. प्रत्येक जहाजाला नकोच. अरुंद वाट, वर पूल, खाली मोठं जहाज, पोटात तेल: एवढ्या ठिकाणीच. आणि दुसरं म्हणतील, कायद्याला सोपा आकडा लागतो, पंख्याची जागा कोण तपासणार? अहो, माझी सात वर्षांची मुलगी तपासते. लांबून. आइस्क्रीम खाताना.

आपल्यापैकी कोणी ह्यूस्टनला असेल, कोणी दुबईत, कोणी रॉटरडॅमला, कोणी पोर्ट लुईसला किंवा हैफाला. बंदराकाठी फिरायला गेलात तर पाच मिनिटं थांबा. पाणी कुठे उकळतंय बघा, दोर कुठे बांधलाय बघा. आणि जे माझ्यासारखे जहाजांचे, बंदरांचे प्रोग्रॅम लिहितात, त्यांना हात जोडून विनंती: 'टग: हो की नाही' असा रकाना ठेवू नका. मी माझ्या ॲपमधला काढून टाकलाय. आता चार रकाने आहेत, बरेचसे रिकामे. एआयएसमध्ये ही माहिती मिळत नाही, त्यामुळे मी आणि मुलगी रविवारी जाऊन हाताने भरतो. आतापर्यंत तेवीस झालेत.

जायच्या आधी बाबांना लेक युनियनवर 'आर्थर फॉस' दाखवायला नेलं. १८८९ मध्ये बांधलेला लाकडी टग, अजून पाण्यावर आहे. १९४१ मध्ये वेक बेटावरून हा जपानी हल्ल्याच्या जेमतेम आधी निसटला होता. बाबा बराच वेळ इंजिनखोलीच्या दाराशी उभे होते. तिथल्या माणसाने विचारलं, "तुम्ही यातले आहात का?" बाबांना इंग्रजी फारसं येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं, "माझे वडील मुंबईत टगवर इंजिन ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं."

त्या माणसाने विचारलं, "कोणत्या प्रकारचा टग?"